खरी प्रत कोणती?

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. तेव्हा आम्ही संशोधक विद्यार्थी होतो. प्रयोगशाळेत सिरॅमिकचे नमुने भाजण्यासाठी एक निर्वात भट्टी होती. सुट्टीत दुरुस्तीच्या कामासाठी इमारतीची वीज चार दिवस बंद ठेवली होती. सोमवारी सकाळी आम्ही मुख्य खटका वर केला. पंख्याचा आवाज आला, पॅनेलवर एक लाल दिवा लागला आणि पुढे काहीच घडले नाही. हीटर शाबूत होता, पंप आणि झडपा शाबूत होत्या, एकही वायर तुटलेली नव्हती. भट्टी फक्त आपले काम विसरली होती.

या भट्टीची सगळी कामे एक नियंत्रक पेटी क्रमाने करून घेत असे. आधी पाणी सुरू, मग निर्वात पंप, मग हीटर. हा क्रम पेटीच्या स्मृतीत होता आणि वीज नसताना ती स्मृती एका छोट्या बॅटरीवर टिकून राहत होती. बॅटरी संपल्याचा पिवळा दिवा कित्येक महिने लागलेला होता. तो तसा लागलेलाच असतो, अशी आमची समजूत झाली होती!

कपाटात प्रोग्रॅमच्या दोन प्रती सापडल्या. एक फ्लॉपीवर आणि एक कागदावर छापलेली. दोन्हींवर तारीख एकच होती. मात्र कागदाच्या समासात पेन्सिलीने लिहिले होते, ‘हीटर बंद झाल्यावर पाणी ३० मिनिटे.’ छापील आकडा ५ मिनिटांचा होता, आणि फ्लॉपीवरही ५च. भट्टीत नेमके काय चालू होते? निवृत्त झालेल्या तंत्रज्ञांना आम्ही फोन केला. ते म्हणाले, “पेन्सिलीचं आहे तेच खरं धरा. एकदा दाराचं सील जळालं होतं, तेव्हा मी वेळ वाढवली. मशीनमध्ये केला बदल, फ्लॉपीवर करायचा राहून गेला.”

फ्लॉपीवरचा प्रोग्रॅम आम्ही तसाच भरला असता, तर पहिल्याच फेरीत सील पुन्हा जळाले असते. ‘अधिकृत’ प्रत चुकीची होती आणि समासातली पेन्सिलीची ओळ बरोबर होती. यंत्राला दिलेल्या आज्ञा कुठे ठेवायच्या, त्या कोणी बदलायच्या आणि खरी प्रत कोणती हे कसे ओळखायचे, हा प्रश्न आमच्या भट्टीपुरता नाही. त्याला दोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो थोडा उलगडून पाहू.

डोळ्यांना दिसणारी स्मृती

सुरुवात हातमागापासून करावी लागते. कापडात नक्षी विणायची तर आडवा धागा टाकताना दर वेळी ठरावीक उभे धागे वर उचलावे लागतात. कोणते धागे कधी उचलायचे, हीच यंत्राला द्यायची आज्ञा. फ्रान्समधील ल्यों हे रेशमी कापडाचे शहर. तेथे बाझील बुशाँ याने १७२५ मध्ये भोके पाडलेल्या कागदी पट्टीचा उपयोग करून पाहिला. पुढे इतरांनी त्यात भर घातली आणि १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्डने सगळ्या कल्पना एकत्र आणून चांगला चालणारा माग तयार केला.

जॅकार्डच्या मागावर जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या दोऱ्याने एकापुढे एक बांधलेल्या असतात. एक पट्टी म्हणजे एक आडवी ओळ. पट्टीवर सुया टेकतात. भोक असेल तेथे सुई आत शिरते आणि तिचा आकडा उभा धागा वर उचलतो. भोक नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. नक्षी बदलायची असेल तर माग बदलावा लागत नाही, पट्ट्यांची माळ बदलली की झाले. १८३९ मध्ये खुद्द जॅकार्डचे चित्र रेशमात विणले गेले. त्यासाठी सुमारे २४,००० पट्ट्या लागल्या होत्या.

आपल्याकडे येवल्याला किंवा इचलकरंजीला गेलात तर जॅकार्ड लावलेला माग अजूनही पाहता येईल. पाहताना एक गोष्ट लक्षात घ्या. या यंत्राची स्मृती उघडी आहे. जाणकार कारागीर पट्टी हातात धरून ती वाचू शकतो. एखादी पट्टी फाटली, उलटी बांधली गेली, तर चूक डोळ्यांना दिसते आणि कापडातही दिसते. पट्टी बदलणे कष्टाचे आहे खरे. पण बदल झाला आहे हे लपत नाही.

तारांमध्ये गुंतलेली आज्ञा

विसाव्या शतकातील कारखान्यांत यंत्रांना आज्ञा देण्याचे काम रिलेकडे आले. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने उघडझाप होणारा खटका. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेऊ. ‘वरची टाकी रिकामी असेल आणि खालच्या टाकीत पाणी असेल, तरच पंप चालू’ ही आज्ञा दोन खटके एकसरीत जोडून देता येते. ‘किंवा’ म्हणायचे असेल तर खटके समांतर जोडायचे. मोटारीच्या कारखान्यात अशा शेकडो आज्ञा लागत, म्हणून भिंतभर कपाटांत शेकडो रिले बसवलेले असत. म्हणजे येथे आज्ञा कुठे लिहिलेली होती? तारांच्या जोडणीत. वायरमनने स्क्रूड्रायव्हर घेऊन केलेली जोडणी हाच प्रोग्रॅम.

अडचण अशी, की अमेरिकेत मोटारींचे मॉडेल वरचेवर बदले. मॉडेल बदलले की कपाटे उपसून पुन्हा वायरिंग करावे लागे आणि चूक झालेली तार शोधण्यात दिवस जात. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेच्या जागी इलेक्ट्रॉनिक साधन हवे असल्याचे जाहीर केले. ते कारखान्याच्या धुळीत आणि उष्णतेत टिकले पाहिजे, पुन्हा पुन्हा वापरता आले पाहिजे आणि कारखान्यातल्याच माणसांना त्याचा प्रोग्रॅम बदलता आला पाहिजे, अशा त्यांच्या अपेक्षा होत्या. मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड असोसिएट्स या लहानशा कंपनीत डिक मॉर्ली यांनी त्याच वर्षी १ जानेवारीला अशाच एका साधनाचा आराखडा लिहून काढला होता. त्यातून तयार झालेले यंत्र १९६९ मध्ये जनरल मोटर्सला मिळाले. कंपनीचा हा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून त्याचे नाव मोडिकॉन ०८४. पुढे अशा यंत्रांना प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, थोडक्यात पीएलसी म्हणू लागले.

पीएलसीचे काम समजायला सोपे आहे. तो सर्व खटक्यांची स्थिती वाचतो, स्मृतीतल्या आज्ञा पहिलीपासून शेवटपर्यंत सोडवतो, त्यानुसार मोटारी आणि झडपा चालू-बंद करतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. ही फेरी काही मिलिसेकंदांत पुरी होते. आज्ञा लिहिण्यासाठी नवी भाषा न शोधता रिलेच्या जोडणीचे जे चित्र वायरमन रोज वाचत, तेच ठेवले. दोन उभ्या रेषा आणि मधे आडव्या पायऱ्या, म्हणून ती ‘लॅडर’ म्हणजे शिडीची आकृती. ही निवड फार शहाणपणाची होती. आज्ञा तारांतून निघून अदृश्य झाली होती, पण निदान तिचे चित्र तरी ओळखीचे राहिले.

विणलेली चुंबके, खिडकीची चिप

आज्ञा आता ठेवायची कशात? मोडिकॉन ०८४ मध्ये चुंबकीय गाभ्यांची स्मृती होती. फेराइटच्या बारीक कड्यांमधून तारा ओवून तयार केलेली ही जाळी. कडे एका दिशेने चुंबकित झाले तर १, उलट दिशेने झाले तर ०. अॅन वँग, जे फॉरेस्टर इत्यादींच्या कामातून १९५० च्या आसपास ही स्मृती संगणकांत आली होती. वीज गेली तरी चुंबकत्व राहते, हा तिचा मोठा गुण. वाचताना मात्र कड्यातली माहिती पुसली जाते, म्हणून वाचल्याबरोबर ती परत लिहावी लागते. अशा जाळ्या बहुतेक वेळा स्त्री कामगार सूक्ष्मदर्शकाखाली हाताने ओवत असत. विणकामापासून निघालेली आपली गोष्ट अशी पुन्हा विणकामापाशी येते!

१९७१ मध्ये इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोमान यांनी ईप्रॉम ही चिप तयार केली. त्यांच्या १७०२ या पहिल्या चिपमध्ये फक्त २५६ बाइट मावत. या चिपमध्ये प्रत्येक बिटासाठी एक सूक्ष्म संवाहक तुकडा असतो. तो चहूबाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेला असतो. जास्त विद्युतदाब देऊन त्यावर इलेक्ट्रॉन ढकलले की ते वर्षानुवर्षे अडकून राहतात. पुसायचे असेल तर अतिनील किरण लागतात. साधी काच हे किरण अडवते, म्हणून चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची छोटी खिडकी असे. अतिनील दिव्याखाली १५-२० मिनिटे ठेवली की चिप कोरी. थेट उन्हात आठवडाभर राहिली तरी ती पुसली जाण्याची भीती होती, म्हणून खिडकीवर कागद चिकटवत. आणि कागद चिकटवायचाच आहे तर त्यावर प्रोग्रॅमचे नाव आणि तारीख लिहीत.

हा चिटोरा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. प्रोग्रॅम बदलायचा तर यंत्र थांबवावे लागे, चिप काढावी लागे, दिव्याखाली ठेवून पुन्हा भरावी लागे. एवढ्या खटाटोपानंतर नवी तारीख लिहिणे माणूस सहसा विसरत नसे. त्रासच नोंद करून घेत होता.

दुसरा मार्ग आमच्या भट्टीतला. साधी रॅम चिप आणि सोबत बॅटरी. यात लिहिणे-पुसणे अगदी सोपे, चालू यंत्रातही बदल करता येतो. पण वीज आणि बॅटरी दोन्ही गेल्या की सगळे गेले. म्हणून अशा यंत्रांची बॅटरी मुख्य वीज चालू असतानाच बदलायची असते. बदल सोपा झाला, आणि ‘फ्लॉपीवर करायचा राहून गेला’ हे वाक्यही तेव्हाच जन्माला आले.

टपाल तिकिटाएवढे कार्ड

१९८४ मध्ये जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृती जगासमोर मांडली. तत्त्व ईप्रॉमसारखेच, अडकून पडलेल्या इलेक्ट्रॉनांचे. पण पुसण्यासाठी दिवा नको, विजेनेच एक पूर्ण गट एकदम पुसता येतो. कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण होऊन हे नाव पडले असे सांगतात. यातूनच पुढे मेमरी कार्ड आले आणि ते कारखान्यातही शिरले.

सीमेन्सचा एस७-३०० हा जगभर वापरला गेलेला नियंत्रक पाहू. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या त्याच्या आवृत्तीत बॅटरी नाही. तिच्या जागी ६४ किलोबाइट ते ८ मेगाबाइट क्षमतेचे छोटे कार्ड असते आणि त्याच्याशिवाय यंत्र चालतच नाही. कार्ड म्हणजे घरातली कोठीची खोली आणि नियंत्रकाची आतली स्मृती म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कोठीत सगळे सामान, ओट्यावर आत्ता लागणारे तेवढेच. वीज गेली तरी कोठी भरलेली राहते. नियंत्रक बिघडला तर कार्ड काढून त्याच जातीच्या नव्या नियंत्रकात घालावे आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. रात्रपाळीच्या कामगाराला ही केवढी सोय!

पण या सोयीच्या पोटात काही खाचखळगे आहेत. पहिला असा, की हे कार्ड कॅमेऱ्याच्या कार्डासारखे दिसले तरी तसे नाही. घरच्या संगणकात घालून ते विंडोजने ‘फॉरमॅट’ केले तर त्याची अंतर्गत रचना बिघडते आणि नियंत्रक ते ओळखत नाही.

दुसरा खाचखळगा झिजेचा. फ्लॅश स्मृती कितीही वेळा पुसता-लिहिता येत नाही. समजा एखादे कार्ड १,००,००० वेळा लिहिणे सोसते आणि प्रोग्रॅम दर सेकंदाला त्याच जागी तापमानाची नोंद करतो आहे. तर त्या जागेचे आयुष्य किती? वर्गात मुलांना हे गणित घालून पाहा. उत्तर २८ तासांहूनही थोडे कमी येते.

तिसरा खाचखळगा सर्वांत मोठा. एस७-३०० साठी प्रोग्रॅम लिहिणारा अभियंता प्रत्येक खटक्याला नाव देतो, प्रत्येक ओळीशेजारी टीप लिहितो. ‘हा खटका दाराचा’, ‘ही वेळ सील वाचवण्यासाठी’. ही नावे आणि टिपा त्याच्या संगणकावरील फायलीत राहतात. कार्डावर जातो तो फक्त यंत्राला कळणारा भाग. संगणकावरची फाईल हरवली आणि प्रोग्रॅम नियंत्रकातून परत वाचला, तर आज्ञा मिळतात, पण नावे आणि टिपा मिळत नाहीत. मूळ प्रकल्पाची फाईलही कार्डावर जपून ठेवण्याची सोय आहे, पण ते आठवणीने करावे लागते. म्हणजे यंत्राला काय करायचे ते माहीत असते, का करायचे ते फक्त समासात असते. आमच्या भट्टीतली पेन्सिलीची ओळ आठवा.

२००९ मध्ये आलेल्या एस७-१२०० या नियंत्रकात कार्डाला दोन वेगळ्या भूमिका देता येतात. ‘प्रोग्रॅम कार्ड’ यंत्रातच राहते आणि तेच प्रोग्रॅमचे घर असते. ‘ट्रान्सफर कार्ड’ म्हणजे टपाल. ते घातले की प्रोग्रॅम नियंत्रकाच्या आत उतरतो आणि कार्ड काढून घ्यायचे. कोणती भूमिका, हे कार्डावरची एक छोटीशी फाईल सांगते. यंत्र बनवणारा दूरच्या ग्राहकाला पाकिटातून कार्ड पाठवू शकतो, त्या ग्राहकाकडे संगणक असण्याचीही गरज नाही. नियंत्रकाचा परवलीचा शब्द विसरला असेल तर कोरे ट्रान्सफर कार्ड घालून आतला प्रोग्रॅम शब्दासकट पुसता येतो. अडलेल्या माणसासाठी हा उपाय आहे. पण ज्याच्या हाती पॅनेलची किल्ली त्याच्या हाती यंत्राची स्मृती, असाही त्याचा अर्थ होतो. जॅकार्डच्या २४,००० पट्ट्या खिशात घालून कोणी नेऊ शकला नसता.

वाचणाराच खोटे बोलू लागला तर

इथपर्यंत आपण चुका आणि विसराळूपणा पाहिला. जून २०१० मध्ये बेलारूसमधील एका संगणक सुरक्षा कंपनीला एक विचित्र व्हायरस सापडला. त्याचे नाव पुढे स्टक्सनेट पडले. तो यूएसबी ड्राइव्हमधूनही पसरत असे आणि विंडोज संगणकात शिरून सीमेन्सच्या ठरावीक नियंत्रकांचा शोध घेत असे. त्याचे लक्ष्य इराणमधील नतांझ येथील युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रे असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. तो नियंत्रकात आपल्या आज्ञा घुसवून यंत्रांच्या मोटारींची वारंवारता १,४१० हर्ट्झपर्यंत चढवी, मग कधी २ हर्ट्झपर्यंत उतरवी.

यात आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. अभियंत्याला शंका आली आणि त्याने नियंत्रकातला प्रोग्रॅम संगणकावर वाचून पाहिला, तर त्याला काय दिसे? मूळ, निर्दोष प्रोग्रॅम. कारण नियंत्रकाशी बोलणारी संगणकावरची फाईलच स्टक्सनेटने बदललेली होती. यंत्र आणि माणूस यांच्यामधला दुभाषाच फितूर झाला होता. जॅकार्डच्या कारागिराला पट्टी वाचण्यासाठी दुभाषा लागत नव्हता. आपल्याला लागतो, आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो.

२०१७ मध्ये सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल कारखान्यात अपघात टाळण्यासाठी बसवलेल्या सुरक्षा नियंत्रकांवरच असा हल्ला झाला. त्या नियंत्रकांवर खरीखुरी फिरवायची किल्ली होती. ‘रन’वर असेल तर प्रोग्रॅम बदलता येत नाही, ‘प्रोग्रॅम’वर असेल तर येतो. किल्ली ‘प्रोग्रॅम’वरच राहिली होती. सुदैवाने यंत्रणा आपोआप बंद पडली आणि अनर्थ टळला. त्या किल्लीकडे पाहताना आम्हाला आमचा पिवळा दिवा आठवतो. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट माणसाला दिसेनाशी होते.

वर्गात करून पाहण्यासारखे

बदललेली प्रत ओळखायची कशी, हे मुलांना पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर दाखवता येईल. चौकटीच्या कागदावर आठ ओळींची एखादी नक्षी काढा. भरलेला चौकोन म्हणजे भोक. प्रत्येक ओळीतली भोके मोजून आकडा ओळीच्या शेवटी लिहा, गुणपत्रिकेतल्या बेरजेसारखा. आता नक्षी एका मुलाकडून दुसऱ्याकडे अशी दहा जणांकडून उतरवून घ्या. बेरीज जुळली नाही तर चूक लगेच सापडेल. मग विचारा, एकाच ओळीतले एक भोक बुजवून शेजारी दुसरे पाडले तर बेरीज सांगेल का? आणि खोडी काढणाऱ्याने बेरीजही बदलली तर? तेव्हा मुलेच म्हणतील, की बेरीज पट्टीवर नको, गुरुजींच्या वहीत हवी. आधुनिक नियंत्रकांच्या फायली तपासताना वापरायचे आकडे याहून गुंतागुंतीचे असतात, पण तत्त्व हेच. तपासणीची खूण मूळ प्रतीपासून वेगळी आणि सुरक्षित ठेवली तरच तिचा उपयोग.

पट्टीपासून कार्डापर्यंतच्या या प्रवासात आज्ञा बदलणे पायरीपायरीने सोपे होत गेले आणि काय बदलले हे दिसणे तितकेच अवघड होत गेले. पूर्वी यंत्राचा अवजडपणा जी नोंद आपोआप ठेवत असे, ती आता माणसाला शिस्तीने ठेवावी लागते.

आमच्या भट्टीत आम्ही ३० मिनिटांचा आकडा घालून प्रोग्रॅम पुन्हा भरला. बॅटरी बदलली, वीज चालू ठेवूनच. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक वही दोरीने बांधली. तीत चार रकाने आखले. तारीख, काय बदलले, का बदलले, दुसरी प्रत कुठे ठेवली. पहिली नोंद त्या निवृत्त तंत्रज्ञांच्या नावाने केली, कारण तो बदल त्यांचा होता. पुढे भट्टीचा नियंत्रक बदलला आणि त्यात कार्ड आले. वही मात्र तीच आहे. तिसरा रकाना भरायला लोक अजून कंटाळतात. आम्ही तो भरल्याशिवाय कार्ड हातात देत नाही.